नेटजवळचा फटका

१४ जानेवारी

आज पुन्हा हरले. सरावाचाच सामना, पण हरले ते हरले. दुसऱ्या गेममध्ये बिल्यानाने मला अक्षरशः नाचवलं. मागे ढकल, पुढे ओढ, परत मागे ढकल. शेवटी टाच ठणकायला लागली आणि मी उगीचच बुटाची नाडी बांधत बसले. आमचे प्रशिक्षक रांगेल सर वही मिटून तसेच निघून गेले. ते बोलत नाहीत तेव्हाच समजायचं.

ती वीस वर्षांची, मी एकतीस. पंधराव्या वर्षी तिच्या आईने तिला चेर्व्हेन ब्र्यागहून इथे प्लेव्हेनला आणून सोडली, तेव्हापासून माझ्याच घरात राहते, मागच्या खोलीत. बॅकहँड मी शिकवला. परदेशात एकटीने कसं फिरायचं, विमानतळाच्या बाकावर बॅग उशाला घेऊन कसं झोपायचं, पंचाशी कधी वाद घालायचा नाही — सगळं मीच. आणि गेल्या शरदात ती क्रमवारीत माझ्या पुढे गेली. एप्रिलअखेर आमच्या दोघींतली जी वर असेल ती ऑलिंपिकला. तीही पुरेशी वर असेल तर. आपल्या देशातून एकेरीत दोघी जायचे दिवस नाहीत.

आत्ता ती स्वयंपाकघरात पावावर ल्युतेनित्साची लाल चटणी थापून खातेय आणि गातेय. बेसूर. मला तिचा राग येतो. आणि राग येतो याचाही राग येतो.

१९ जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी नेटजवळचा सराव होता. एकीने नेटपाशी उभं राहून शटल वर उचलायचं, दुसरीने पुढे येऊन ते खाली मारायचं, आणि पहिलीने रॅकेट तोंडासमोर धरून तेच परतवायचं. वर्षानुवर्षं करतोय. आज ती नेटपाशी, मी मारणारी. सर बाजूला उभे राहून ओरडत होते — अजून जोरात, अंगावर मार, सामन्यात कुणी तिचे लाड करणार नाही.

मी मारलं. सगळा खांदा घालून मारलं.

ती हललीच नाही. एरवी मांजरीसारखी सरकते. शटल डाव्या डोळ्यावर बसलं. आवाज विचित्र आला, ओल्या पिशवीवर चापट मारल्यासारखा. ती खाली बसली, दोन्ही हात तोंडावर, आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, दिवा कोणी बंद केला?"

सरांनी बर्फ आणला. अँब्युलन्स आली. मी रॅकेट हातात घेऊन तशीच उभी होते. कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली.

डोळ्यावर नेम धरला होता का? नाही. खांद्यावर मारायचं होतं. पण मनात काय होतं? मनात ती बेसूर गाणारी पोरगी होती.

२० जानेवारी

तिला सोफियाला हलवलं. सर बरोबर गेले. मी कोट घालून दारात उभी होते. "तू नको येऊस. तुला बघून तिला त्रास होईल," म्हणाले.

२४ जानेवारी

ऑपरेशन झालं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, तो परत चिकटवलाय. दिसेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही म्हणे.

दुपारी नेव्हेनामावशी आली, बिल्यानाची आई. लेकीचे कपडे न्यायला. शिवणाच्या कारखान्यातून तशीच निघाली असावी, स्वेटरला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. मी कॉफी केली, तिने घेतली नाही. मागच्या खोलीत जाऊन एकेक कपडा घडी घालून पिशवीत भरत राहिली. मी दारात.

मी म्हटलं, मावशी, मुद्दाम नाही केलं.

तिने हातातल्या कपड्याची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मी तुझ्यावर सोडली होती तिला. सरांवर नाही. बाई आहे, सांभाळेल म्हणून तुझ्यावर."

एवढंच. जाताना पायपुसणं सरळ करून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

३१ जानेवारी

हॉलमध्ये मी गेले की बोलणं थांबतं. दुहेरीतल्या दोघीजणी कपडे बदलायच्या खोलीत बोलत होत्या, मी शॉवरखाली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एक म्हणाली, "काहीही म्हण, वाट मोकळी झाली तिची." दुसरी म्हणाली, "गप गं." पण नाही म्हणाली नाही.

मी पाणी चालू ठेवून तिथेच उभी राहिले. गरम पाणी संपलं तरी.

४ फेब्रुवारी

सरांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. माझ्यासाठी कपाटातून बिस्किटं काढली. मी दहा वर्षांची असताना काढायचे तशी.

मी म्हटलं, मी खेळणं थांबवते. ते म्हणाले की वेडेपणा करू नकोस. थांबलीस तर लोक म्हणतील, मुद्दामच केलं. खेळलीस तर हळूहळू विसरतील. बिल्यानाचं दवाखान्याचं, तिच्या आईचं सगळं मी बघतो. तू फक्त खेळ. सोफियाला जायचं नाही, फोन करायचा नाही, जखम उकरायची नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ झोर्नित्सा, पोरी. जे झालं ते तुझ्या हातून झालं. पण मी तुला माफ केलंय."

मी त्यांच्यासमोर रडले. वीस वर्षांत पहिल्यांदा. केवढा आधार वाटला!

१५ फेब्रुवारी

राष्ट्रीय विजेती. पुन्हा. अंतिम सामन्यात समोर सतरा वर्षांची पोर होती, माझ्याशी हस्तांदोलन करताना तिने नजर खाली ठेवली. मी तिला एकही फटका अंगावर मारला नाही. सगळे कोपऱ्यात. कोणाच्या लक्षात आलं नाही, सामना सोपा होता.

वर्तमानपत्रवाल्याने विचारलं, हे विजेतेपद कोणाला अर्पण करणार? मी म्हटलं, मला घाई आहे.

१ मार्च

सरांना न सांगता सोफियाला गेले.

रस्त्यात सगळीकडे मार्तेनित्सांच्या, वसंतात शुभेच्छा म्हणून बांधायच्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांच्या टपऱ्या. पोरीबाळींची मनगटं भरलेली. मीही एक घेतली आणि हॉस्पिटलच्या जिन्यात परत खिशात घातली. हे असलं घेऊन कुठल्या तोंडाने जाणार?

बिल्यानाचं दुसरं ऑपरेशन झालंय. पडदा पुन्हा सुटला होता. खाली मान घालून पडून राहायचं सांगितलंय, त्यामुळे ती पालथी, तोंड पलंगाच्या कडेबाहेर काढलेल्या, भोक असलेल्या उशीत. मला फक्त तिची मान दिसत होती. बारीक झालीय.

शेवटी मी जमिनीवर बसले आणि खालून तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसली. म्हणाली, "अशी दिसतेस होय. गॅरेजमधल्या मेकॅनिकसारखी."

मी माफी मागितली. तिने उशीची कड मुठीत धरली. मी पुन्हा मागितली. तेव्हा म्हणाली, "नको ना ताई. तू माफी मागितलीस की मला फार वाईट वाटतं." मग विचारलं की पुढची स्पर्धा कुठे. मी म्हटलं, वॉर्सा. जा म्हणाली. जिंक म्हणाली. परत निघताना तिच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. औषधाचं की रडण्याचं, त्या उशीतून कळत नव्हतं.

मार्तेनित्सा मी पलंगाच्या दांडीला बांधून आले.

२ मार्च

सरांना कळलंच. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. "काय बोलली ती? काय काय बोलली?" मी सांगितलं, काही नाही, खेळ म्हणाली. मग शांत झाले. म्हणाले, बघ, पोर किती मोठ्या मनाची आहे.

२२ मार्च — वॉर्सा

पहिल्याच फेरीत बाहेर. समोर एस्टोनियाची लीस्बेत, जिला मी झोपेतही हरवते.

काय होतंय ते आता मलाच कळलंय. शटल नेटजवळ वर येतं, ती तिथेच समोर असते, मारलं की संपलं — आणि मनगट आपोआप सैल पडतं. शटल वरून तरंगत जातं. लीस्बेत सुरुवातीला चकली, मग तिने ओळखलं. त्यानंतर ती दर वेळी नेटपाशीच येऊन उभी राहायला लागली. तोंड पुढे करून! मला वाटलं हिला सांगावं, बाई मागे हो.

सामना संपल्यावर तिने विचारलं, मनगट दुखावलंय का. हो म्हटलं.

५ एप्रिल

सर आज स्वतः नेटपाशी उभे राहिले. चौसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले. रॅकेटसुद्धा घेतली नाही, हात पाठीमागे बांधले. बाकीच्यांना बाहेर घालवलं.

"मार माझ्या तोंडावर," म्हणाले.

मी नाही म्हटलं. त्यांनी शटल वर उडवलं. मी सोडून दिलं. पुन्हा उडवलं. पुन्हा सोडलं. मग ते बोलायला लागले. भित्री म्हणाले, माझी वीस वर्षं पाण्यात घातलीस म्हणाले, तुझी आई असती तर तिला लाज वाटली असती म्हणाले. तेव्हा मी मारलं. छातीवर बसलं. ते हलले नाहीत. "वर," म्हणाले. "वर मार." त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की जणू त्यांना ते खरंच हवं होतं.

मी रॅकेट टाकली आणि संडासात जाऊन ओकले. बाहेर आले तर ते अजून तिथेच, नेटला धरून उभे. छातीवर शटलचा लाल गोल. मला एकदम ते फार म्हातारे वाटले. मीच त्यांना पाणी आणून दिलं.

२० एप्रिल, ईस्टर

गावी गेले, दान्यूबकाठी, बाबांकडे. ते एकटेच असतात, अंडी मात्र अख्ख्या वाडीवस्तीला पुरतील एवढी लाल रंगवून ठेवलेली. अंड्यावर अंडं आपटून फोडायच्या खेळात त्यांनी मला सलग हरवलं. म्हणाले, "तुझी आजकाल कुणाशीच लढायची इच्छा दिसत नाही."

त्यांना सगळं माहीत आहे, गावात टीव्ही आहे. विचारलं काही नाही. जेवणानंतर द्राक्षवेलींना आधार बांधताना म्हणाले की घरी यायचं असेल तर खोली आहे, छप्पर गळतं पण ते बघू. मी म्हटलं, अजून एक स्पर्धा. लक्झेंबर्ग. उपांत्य फेरी गाठली तर क्रमवारीत बसते. नाही तर संपलं.

"आणि गाठलीस तर बरं वाटेल?" बाबांनी विचारलं.

मी सुतळी ओढत राहिले.

२६ एप्रिल — लक्झेंबर्ग

दोन सामने जिंकले. टाच पट्टीने करकचून बांधलीय. उद्या उपांत्यपूर्व. हंगेरीची बोग्लार्का. हॉटेलच्या खोलीत मी आणि टीव्हीवरचा कुठलासा स्वयंपाकाचा कार्यक्रम. भाषा कळत नाही. बरं वाटतं.

२७ एप्रिल

संपलं.

तिसरा गेम. वीस-एकोणीस, मी पुढे. एक गुण — उपांत्य फेरी, क्रमवारी, ऑलिंपिक, एकवीस वर्षांचं सगळं त्या एका गुणात. लांबलचक रॅली झाली. पाय माझे राहिलेच नव्हते. मग बोग्लार्काचा परतवलेला फटका कच्चा आला, शटल नेटच्या वर, माझ्या समोर, थांबल्यासारखं. आणि ती पलीकडे, घसरून गुडघ्यावर पडलेली, तोंड वर, रॅकेट खाली. कुठेही मारलं असतं तर संपलं असतं. पण सरळ मारणं एवढंच तेव्हा हातात होतं, आणि सरळ म्हणजे ती होती.

मी बघितलं तिच्याकडे. चेहऱ्यावर पुटकुळ्या आहेत तिच्या. पोरगीच आहे.

मी शटल बाजूला ढकललं, हलकेच. ते रेषेच्या बाहेर पडलं. बरंच बाहेर.

पुढचे दोन गुण तिने घेतले. मला वाटतं मी ते खेळलेच नाही.

हस्तांदोलन करताना ती काहीतरी म्हणाली. थँक यू म्हणाली की सॉरी, गोंगाटात ऐकू आलं नाही. मग मी खुर्चीत बसून बूट काढले. टाचेची पट्टी काढली. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. खूप मोठं ओझं उतरवल्यावर हात आपोआप वर उचलले जातात ना, तसं काहीतरी झालं. पण आनंद नाही. रिकामं.

एक विचार येतो तो लिहूनच टाकते: बिल्यानाचं देणं फिटलं. तिचं ऑलिंपिक मी घालवलं, माझं मी घालवलं. डोळ्याच्या बदल्यात हे फारच स्वस्त आहे, पण माझ्याजवळ दुसरं काय होतं?

६ मे

संत गेओर्गीचा दिवस. सरांकडे दरवर्षीसारखं कोकरू भाजलं होतं. मी अंगणातच सांगून टाकलं — मी थांबतेय, कायमची.

ते हातातल्या सुरीने मांस कापत राहिले. मग म्हणाले की त्यांनी आयुष्यात दोनच खेळाडू घडवल्या, आणि दोघींनी त्यांना दारापर्यंत नेऊन परत आणलं. "एकीने डोळ्यामुळे, एकीने मनामुळे." मी म्हटलं, सर, तिच्या डोळ्याचा दोष तिच्यावर नका घालू, तो माझा. ते माझ्याकडे बघायचे थांबले. शेजाऱ्याला म्हणाले, मीठ दे.

त्यांच्या बायकोने मला डबा भरून दिला. दारात कुजबुजली, "ते जानेवारीपासून झोपत नाहीत गं. तुझ्यावर फार जीव त्यांचा."

१९ मे

चेर्व्हेन ब्र्यागला गेले. बिल्यानाला घरी सोडलंय. डाव्या डोळ्याने उजेड-अंधार कळतो, बास. डॉक्टरांनी आता आशा धरू नका सांगितलंय.

दार नेव्हेनामावशीने उघडलं. मला वाटलं लोटून देईल. आत जाऊन तिने बीन्सच्या सूपची वाटी माझ्यापुढे ठेवली, पाव ठेवला, आणि समोर बसून मी खाते की नाही ते बघत राहिली. बिल्याना ग्लासात पाणी ओतायला गेली तर धार ग्लासाच्या बाहेर पडली. टेबलावर, माझ्या मांडीवर. एका डोळ्याने अंतर कळत नाही. मावशी फडकं आणायला उठली. मग बिल्यानाच म्हणाली, "बघ, रेषेच्या बाहेर. तुझ्यासारखंच." लक्झेंबर्गचा सामना तिने बघितला होता.

मावशीने फडकं दिलं. निघताना म्हणाली, "परत ये. ती दिवसभर एकटी नसली तर बरं."

परत ये म्हणाली. बसमध्ये पूर्ण रस्ताभर मी ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

३० मे

मावशी कामावर होती. बिल्याना आणि मी पायरीवर चेरी खात बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "ताई, तू खेळ सोडलास तो माझ्यामुळे. मला आता नाही राहवत." आणि सांगून मोकळी झाली. डिसेंबरात तिचे डोळे तपासले होते. डाव्या डोळ्याचा पडदा आधीच फाटायला आला होता, त्या बाजूचं दिसणं कमी झालं होतं. लेसर करेपर्यंत रॅकेट धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला तिने सांगितलं नाही. सरांना सांगितलं. सर म्हणाले, राष्ट्रीय स्पर्धा होऊ दे, मग करू. तोवर गप्प राहा.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? एका घरात राहत होतो आपण.

"सरांनी शपथ घातली होती," ती म्हणाली. "म्हणाले, झोर्नित्साला तर मुळीच सांगू नकोस. तिला कळलं तर ती तुला मारताना हात आखडेल."

आखडला असता. देवा, आखडला असता.